थेंबे थेंबे तळे, की दात कोरून पोट? रोजच्या छोट्या बदलांतून हिरव्या राहणीकडे

मराठीतल्या दोन म्हणी एकमेकींशी भांडतात. एक म्हणते थेंबे थेंबे तळे साचे. दुसरी म्हणते दात कोरून पोट भरत नाही. पर्यावरणपूरक राहणीबद्दलचे बहुतेक सल्ले पहिल्या म्हणीच्या भरवशावर चालतात: चार्जर काढून ठेवा, जुने ईमेल पुसा, दात घासायला बांबूचा ब्रश घ्या. मीही तिथूनच सुरुवात केली. सहा महिन्यांनी माझ्याकडे अकरा कापडी पिशव्या होत्या, धातूच्या स्ट्रॉचा एक संच होता, आणि विजेचे युनिट होते तेवढेच होते.

मग एकदा कागद-पेन घेऊन बसलो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेचा एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायची तर जवळपास अर्धा युनिट गेला. तेवढ्याच विजेत मोबाईल वीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो, ९ वॉटचा एलईडी दिवा ५० तास चालतो. आणि बोर्डाला नुसता लटकत राहिलेला आजकालचा चार्जर? तो वर्षभर तसाच राहिला तरी एखाद्या युनिटच्या आसपासच खातो.

थोडक्यात, दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. कुठल्या थेंबांचे तळे होते आणि कुठले नुसते दात कोरणे आहे, हे आधी ओळखायचे. पुढच्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लावल्या आहेत. त्या एका दमात चढायच्या नाहीत, महिन्याला एक झाली तरी पुष्कळ.

पायरी १: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त मोजा

विजेच्या मीटरपासून सुरुवात करा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा एखादा आकडा छापलेला असतो, तो म्हणजे एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो त्याची संख्या. रात्री सगळे झोपल्यावर, दिवे-पंखे बंद असताना, एका मिनिटात तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. आकडा ३२०० असेल आणि मिनिटाला १६ वेळा लुकलुकला, तर १६ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे ०.३ किलोवॉट. घरात काहीही 'चालू' नसताना ३०० वॉट जात आहेत! फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असेल तर आकडा फुगतो, म्हणून तो थांबल्यावर पुन्हा एकदा मोजा.

माझ्या घरात हा आकडा अपेक्षेच्या दुप्पट निघाला. मग एकेक प्लग काढत, मीटर बघत बसलो. शोधाअंती दोन चोर सापडले. एक टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, जो रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो, आणि दुसरा जुना ऑडिओ सिस्टिम. अखंड १० वॉट ओढणारे यंत्र वर्षाला ८७ युनिट खाते. त्या दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले आणि बोर्डाचे बटण हाताशी येईल असे सोफ्यामागे लावले. चार्जरच्या मागे लागून जे वर्षात वाचले नसते ते पहिल्या आठवड्यातच वाचले.

पाण्यासाठी एक लिटरची बाटली पुरे. नळ नेहमीसारखा सोडा आणि बाटली किती सेकंदांत भरते ते पाहा. ८ सेकंदांत भरली तर मिनिटाला साडेसात लिटर. गळक्या नळाखाली १० मिनिटे वाटी ठेवा आणि जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा, तो झाला दिवसाचा हिशेब. १०० मिलिलिटर जमले तर दिवसाला १४ लिटरहून जास्त.

कचऱ्याचे वजन करायची गरज नाही. स्वयंपाकघरात एक कागद चिकटवा आणि आठवडाभर जे खाण्याजोगे अन्न टाकले ते त्यावर लिहा. काय टाकले आणि का टाकले, एवढेच. हा कागद लिहिताना घरच्यांची चिडचिड होईल, ती होऊ द्या. दोष कुणाचा हे मात्र लिहू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी कागद कोरा राहतो.

पायरी २: गरम आणि गार करणाऱ्या यंत्रांकडे आधी पाहा

घरात जे यंत्र काहीतरी तापवते किंवा थंड करते, ते खादाड असते. प्रकाश, आवाज, पडदा यांना त्या मानाने फारच कमी लागते. म्हणून एलईडी दिवे लावून झाले असतील (६० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतका प्रकाश ९ वॉटमध्ये मिळतो, तेव्हा झाले नसतील तर आजच लावा), तर दिव्यांचा विषय सोडा आणि पुढच्या गोष्टींकडे वळा.

*गिझर.* साठवणीच्या टाकीचा गिझर असेल तर तो दिवसभर चालू ठेवू नका. न वापरलेले गरम पाणी आपली उष्णता हळूहळू भिंतीला देत बसते. एक इशारा मात्र: टाकीतले पाणी कायम कोमट ठेवणेही बरे नाही, त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. अंघोळीपुरता नीट तापवावा आणि बंद करावा. बंद करायचे विसरता? मग टायमरचा प्लग घ्या, पण गिझरचा भार पेलेल असाच. स्वतःला आठवण करून देत राहण्यापेक्षा हे सोपे.

*स्वयंपाक.* इथे एक गंमत सांगतो. पाणी एकदा उकळले की आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यात त्याचे तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंशांवरच थांबते. वाढते ती फक्त वाफ. आणि वाफ करणे फार खर्चिक: एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे सात पट ऊर्जा ते सगळे पाणी वाफ करून उडवायला लागते. खळखळ उकळणारे भांडे म्हणजे उडत चाललेले इंधन. उकळी आली की आच बारीक करायची आणि झाकण ठेवायचे. अन्न तितक्याच वेळात शिजते.

प्रेशर कुकर याच्या उलट वाटेने जातो. आतला दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ जातो आणि शिजायचा वेळ बराच घटतो. कडधान्ये आधी भिजवली तर आणखी घटतो. कुकरलाही पूर्ण दाब आला की मोठी आच नको. आणि गॅसची ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर फुलत असेल तर आपण स्वयंपाकघर तापवतो आहोत. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरची भोके साफ करायची वेळ झाली.

*फ्रिज.* हा वर्षभर चोवीस तास नोकरीवर असतो, म्हणून त्याच्याशी नीट वागावे. आतले तापमान ४ ते ५ अंश, फ्रीझरचे उणे १८ अंश. यापेक्षा गार ठेवून घरच्या वापरात काही मिळत नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढली गेली तर रबरी पट्टी सैल झाली आहे. आधी ती कोमट साबणपाण्याने पुसून पाहा, बऱ्याचदा चिकट मळ हाच दोषी असतो. मागे जाळी असेल तर वर्षातून दोनदा तिच्यावरची धूळ काढा आणि भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर जागा सोडा.

*पंखा आणि एसी.* जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट खातो, बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा साधारण ३० वॉट. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या आसपास युनिटांचा फरक पडतो. चालू पंखे सगळे उतरवून नवे घेण्याची घाई नको. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला, बाकीचे बिघडतील तेव्हा. एसी लावायचाच तर २५-२६ अंशांवर, सोबत पंखा मंद. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम लवकर वाळवतो. म्हणूनच रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा कुणालाच उपयोग नाही. उन्हाची खिडकी बाहेरून झाकणे हे आतून पडदा लावण्यापेक्षा जास्त कामाचे, कारण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते.

*कपडे धुणे.* गरम पाण्याचा पर्याय लावला की मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरते. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचे नाही. कपडे दोरीवर वाळवा, ड्रायरला सुट्टी. साबण डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाहून कमी घालून पाहा. कपडे स्वच्छ निघाले तर आणखी कमी करा.

पायरी ३: ताटातून आणि फ्रिजमधून कचऱ्यात जाणारे अन्न

पहिल्या पायरीतला तो चिकटवलेला कागद आता काढा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेले, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नसून घरांचा होता. अन्नाची नासाडी आणि गळती मिळून जगाच्या हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के उत्सर्जनाला जबाबदार आहे. टाकलेल्या घासासोबत त्याचे पाणी, खत, वाहतूक, गारवा आणि शिजवण्याचे इंधन असे सगळेच टाकले जाते.

माझ्या कागदावर तीनच कारणे पुन्हा पुन्हा आली: मागे सरकले म्हणून दिसले नाही, जास्त शिजले, आणि घरात असताना पुन्हा आणले. तिन्हींवर उपाय मांडणीचाच होता.

फ्रिजच्या नजरेसमोरच्या कप्प्यात एक पसरट ट्रे ठेवा: 'आधी हे संपवा'. उरलेसुरले, अर्धी कापलेली भाजी, मऊ पडू लागलेले फळ, सगळे त्यात. स्वयंपाकाला लागण्याआधी ट्रे बघायचा आणि मग काय करायचे ते ठरवायचे. उरलेले अन्न पारदर्शक डब्यात ठेवा. स्टीलच्या बंद डब्यात काय आहे हे आठव्या दिवशी वासावरूनच कळते. उरलेले अन्न गरम असताना फ्रिजमध्ये नको, पण तासन्‌तास ओट्यावरही नको. दोन तासांच्या आत आत गेलेले बरे.

फळे-भाज्या ठेवण्याची जागाही महत्त्वाची. सफरचंद, केळे, टोमॅटो पिकताना इथिलीन हा वायू सोडतात आणि शेजारच्या पालेभाज्या त्याने लवकर पिवळ्या पडतात, तेव्हा त्यांना वेगळे ठेवा. पालेभाजी निवडून, कोरडी करून, सुती फडक्यात गुंडाळली की जास्त टिकते. कांदे-बटाटे दोन्ही अंधारात आणि हवेशीर ठेवायचे, पण एका टोपलीत नको.

पाकिटावरच्या तारखेकडेही जरा नीट पाहा. 'अमुक तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम' हे चवीबद्दल आणि ताजेपणाबद्दल असते. 'या तारखेपर्यंतच वापरा' हे सुरक्षिततेबद्दल. पहिली तारीख उलटलेले, नीट साठवलेले कोरडे जिन्नस बघून, हुंगून वापरता येतात. दुसरी तारीख उलटली तर धाडस नको.

काय खावे यावर लोक हातघाईवर येतात, म्हणून थोडक्यात: अन्न किती दुरून आले यापेक्षा ते कशाचे आहे याने जास्त फरक पडतो. रवंथ करणाऱ्या जनावरांचे मांस सर्वांत जड, डाळी-कडधान्ये सर्वांत हलक्यांपैकी. अपवाद विमानाने येणाऱ्या नाजूक फळांचा वगैरे. जे खाता ते एकदम सोडायची गरज नाही, आठवड्यातले वार कमी केले तरी फरक पडतो.

पायरी ४: ओल्या कचऱ्याचे घरीच खत

ओला कचरा सुक्यासोबत पिशवीत बांधून कचराभूमीवर गेला की ढिगाखाली त्याला हवा मिळत नाही. मग तो कुजताना मिथेन तयार होतो, जो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. हाच कचरा हवा मिळत कुजला तर त्याचे खत होते. फरक फक्त हवेचा.

माझा पहिला डबा आठ दिवसांत असा वासला की शेजारी विचारायला आले. चूक साधी होती: मी रोज देठ-साली टाकत गेलो आणि कोरडे काही टाकलेच नाही. खत करणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. साली-देठांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर. वाळला पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा यांत कार्बन. घरात तराजू घेऊन बसायचे नाही. एक ओंजळ ओले तर दीड-दोन ओंजळी सुका पाला, एवढे लक्षात ठेवा.

कृती अशी. झाकणाची एक बादली किंवा ड्रम घ्या, जुना असला तर उत्तमच. बाजूंना आणि बुडाला बोटभर अंतरावर बारीक भोके पाडा. विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल, आणि पाझरणाऱ्या पाण्यासाठी खाली ताटली. तळाला चार बोटे सुका पाला. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाका, वर पाल्याचा थर, आणि मूठभर जुने खत किंवा बागेतली माती विरजणासारखी. पहिल्या दिवशी विरजण पुरेसे घातले की पुढे रोज नको. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करा. भरला की तो बाजूला ठेवून दुसरा सुरू करा. अडीच-तीन महिन्यांत पहिल्यातले काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे खत चाळून घ्या. जे चाळणीत राहील ते नव्या डब्यात विरजण म्हणून.

ओलावा बरोबर आहे का ते हाताने कळते. मूठ घट्ट दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा, पिळून काढलेल्या स्पंजसारखा. धार लागली तर पाला वाढवा. काहीच आले नाही आणि भुरभुरले तर पाणी शिंपडा.

बिघडले तर वासावरून ओळखा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओले जास्त झाले. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही: पाला घाला आणि खालपर्यंत हलवा. पांढरी बुरशी धरली तर आनंद माना, ती कामच करते आहे. मोठ्या करड्या अळ्या दिसल्या तर किळस येईल, पण त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि घरमाशीसारख्या रोग पसरवत नाहीत. नको असतील तर कचऱ्यावर पाल्याचा थर जाड ठेवा. चिलटांनाही तोच उपाय. मांस, मासे, तेलकट रश्शाचे उरलेले, दूध-दही हे सुरुवातीला टाळा. हात बसल्यावर थोडे थोडे चालते. 'कंपोस्टेबल' छापलेले चमचे-पेले मात्र टाकू नका. पॉलिलॅक्टिक आम्लाचे हे प्लास्टिक कुजायला ६० अंशांच्या आसपासची सततची उष्णता लागते, ती मोठ्या प्रकल्पातच मिळते.

बागच नाही, खताचे काय करू, असे विचारणारे असतात. घरच्या कचऱ्याचे खत इतके आक्रसते की चार कुंड्याही ते गिळतात. आणि कुठल्याही रस्त्याकडेच्या झाडाला नको असे कधी ऐकले नाही.

पायरी ५: सुका कचरा आणि त्या अकरा पिशव्या

आजवर बनलेल्या प्लास्टिकपैकी २०१५ पर्यंत जेमतेम ९ टक्केच पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेले होते. म्हणून 'रिसायकल होते ना' हे वाक्य खरेदी करताना स्वतःला सांगू नका. बाटल्यांचे १ आणि २ क्रमांकाचे (हा क्रमांक वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला असतो) प्लास्टिक, आणि काही ठिकाणी ५ क्रमांकाचे, याला गिऱ्हाईक असते. चकचकीत थरांच्या पाकिटांना जवळपास नसते. डबे-बाटल्या खळबळून, वाळवून द्या. तेल-अन्न लागलेला पुठ्ठा चांगल्या कागदातही घाण करतो. बिलाचा गुळगुळीत थर्मल कागद रद्दीत नको. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खूण करून द्या. कचरा हाताने वेगळा करणाऱ्याचे बोट वाचते.

आता पिशव्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला. फक्त हवामानबदलाचा विचार केला तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरली की ती प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. या दुसऱ्या आकड्यावर वाद आहेत, आणि रस्त्यावर-समुद्रात पडणाऱ्या प्लास्टिकचे नुकसान त्या हिशेबात धरलेले नाही. पण मुद्दा लागू पडतो: माझ्या अकरा पिशव्या ही हिरवी राहणी नव्हती, ती खरेदी होती. दोन पिशव्या पुरतात. एक दाराच्या कडीला आणि एक रोजच्या बॅगेत, घडी करून. घरात आधीच असलेली प्लास्टिकची पिशवी फाटेपर्यंत वापरणे हेही तितकेच चांगले.

पायरी ६: पाणी

हे भरभर. गळका नळ बहुतेक वेळा वॉशर बदलला की सुटतो. शौचालयाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पाऊण तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला झडप गळतो आहे, आणि ही गळती आवाज न करता होते. बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी छोटी जाळी, लावा. पाण्यात हवा मिसळल्याने धार भरघोस वाटते, पाणी मात्र निम्म्याच्या आसपास जाते. आरओ गाळणी असेल तर तिचे बाहेर जाणारे पाणी फरशी पुसायला आणि भांडी पहिल्यांदा विसळायला ठेवा. झाडांना रोज तेच घालू नका, त्यातले क्षार मातीत साचतात.

पायरी ७: न घेतलेली वस्तू

मोबाईलच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी मोठा भाग तो तुमच्या हातात येण्याआधीच, बनवताना, खर्च झालेला असतो. म्हणून तो कमी चार्ज करण्यापेक्षा दोन वर्षे जास्त वापरणे कितीतरी मोलाचे. बॅटरी बदलता येते. साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवली आणि उन्हात तापू दिली नाही की जास्त टिकते. कपड्यांचेही तेच: एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी जाते असा सरासरी अंदाज आहे. बटण लावणे, शिवण मारणे येत नसेल तर एका दुपारी शिकून घ्या.

माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक यादी आहे. काही घ्यावेसे वाटले की तारीख घालून तिथे लिहितो आणि ३० दिवस थांबतो. महिन्यानंतर बहुतेक नोंदी मला स्वतःलाच हास्यास्पद वाटतात. मिनी प्रोजेक्टर कशासाठी हवा होता, आजही आठवत नाही.

बिघडलेली उपकरणे, बॅटऱ्या, वायर साध्या कचऱ्यात नकोत. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचे संकलन-पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. एक खोका ठेवा, भरला की अधिकृत संकलकाकडे.

पायरी ८: ये-जा

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू कसा, असे मलाही वाटले होते. त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. दोन किलोमीटरच्या आतली कामे पायी किंवा सायकलने करा, कारण थंड इंजिन पहिल्या किलोमीटरभर जास्तच पितं. तीन कामे एका फेरीत बसवा. महिन्यातून एकदा टायरमधली हवा तपासा. सार्वजनिक वाहनाचा पास काढून ठेवला की गाडीची किल्ली उचलायच्या आधी हात थबकतो.

विमानाचे आकडे वेगळ्याच पातळीवरचे आहेत. २०१७ मधल्या एका अभ्यासात अटलांटिक पार जाऊन येणाऱ्या एका प्रवाशामागे १.६ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन धरले होते आणि वर्षभर कसोशीने पुनर्वापर केल्याची बचत ०.२ टन. अशी एक फेरी टळली तर आठ वर्षांचे बाटल्या धुणे भरून निघते.

पायरी ९: एसीतला वायू

हे फारसे कुणी सांगत नाही. एसीत फिरणारा आर-४१०ए हा वायू एक किलो गळला तर तो सुमारे २.१ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो, म्हणजे ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे. एसीतच वापरला जाणारा आर-३२ हा दुसरा वायू त्याच्या एकतृतीयांश. एसीतला वायू पेट्रोलसारखा 'संपत' नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा आणि मगच भरू द्या. यंत्र काढताना किंवा हलवताना वायू हवेत सोडून देण्याऐवजी आतच बंद करून घ्यायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

आणि हे टिकायचे कसे

लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ वर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून एका वेळी एकच पायरी, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी पुढे.

मी सुरुवातीला घरात दिवे बंद करत, सुनावत फिरायचो. त्याचा परिणाम एवढाच झाला की मी खोलीत शिरलो की बाकीचे गप्प व्हायचे. नंतर बोलणे सोडले आणि वस्तू हलवल्या: एक्स्टेन्शनचे बटण हाताशी, ओल्या कचऱ्याचा डबा चिरायच्या फळीशेजारी, सुक्याचा थोडा लांब, पिशवी दाराला, 'आधी हे संपवा' ट्रे डोळ्यांसमोर. आता ट्रे मी भरत नाही, तो आपोआप भरतो आणि रिकामाही होतो.

दर तीन महिन्यांनी रात्री मीटरपाशी घड्याळ घेऊन उभा राहतो. पहिल्या वेळी मिनिटाला १६ वेळा लुकलुकला होता, मागच्या वेळी ७ वेळा. उरलेल्या सातांत फ्रिज आणि राउटर आहेत, आणि आणखी काहीतरी आहे जे अजून सापडलेले नाही. दारावरच्या घंटीवर माझा संशय आहे.